चार नंबरचा ताण

तिसऱ्या मजल्यावरच्या फिटिंगवालीबद्दलची पहिली अफवा आमच्या इमारतीत मीच उठवली होती, हे आधीच कबूल करून टाकते. उगाच दुसऱ्या कुणी सांगायला नको. ती तेव्हा नवीन राहायला आली होती. सकाळी सातला तिचं शिलाई मशीन जे सुरू व्हायचं ते दुपार म्हणायचं नाही, संध्याकाळ म्हणायचं नाही. मी राहते तळमजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला. लोकांची बोलणी ऐकायचा तेव्हा पगार मिळायचा, आता तेच काम मी फुकट करते. तर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला गाठून सांगितलं, "बाई हावरट दिसते हो. एवढं शिवून नेणार कुठं आहे?"

मग एकदा गाऊनच्या बाह्या ढिल्या करून घ्यायच्या निमित्तानं, गुडघ्यांची मनधरणी करत मी तिच्याकडे चढून गेले. निमित्तानं म्हणते, कारण बाह्या चांगल्या होत्या. मला घर बघायचं होतं. दार उघडंच होतं. ती मशीनवर बसलेली, पाय चालू, सुई खालीवर नाचतेय, आणि सुईखाली कापडाचा पत्ता नाही. नीट बघितलं तर सुईत दोराही नाही. शेजारी चाकाच्या खुर्चीत एक मुलगी बसली होती. मान एका खांद्यावर कललेली, हात छातीशी आखडलेले, आणि डोळे त्या रिकाम्या सुईवर असे खिळलेले, की जणू सुई काही गुपित सांगतेय आणि ते फक्त हिलाच कळतंय.

"अगं, हवा शिवतेस की काय?"

"हो मावशी. अर्जंट ऑर्डर आहे," ती पाय न थांबवता म्हणाली. "गिऱ्हाईक फार कडक. थांबले की ओरडतं."

आणि थांबून दाखवलं. मशीनचा आवाज बंद झाला, तशी मुलीच्या चेहऱ्यावर आधी एक सुरकुती आली, मग अंग ताठ झालं, मग घशातून असा आवाज निघाला की माझ्या हातातला गाऊन खाली पडला. फिटिंगवालीनं पुन्हा पाय मारला. आवाज विरला. तेरा वर्षांची पोर. चालत नाही, बोलत नाही, बसवलं तर बसते. घरात तिला सगळे "सरकार" म्हणायचे. बाप कामावरून आला की दारातूनच विचारायचा, "सरकार रागावलेत का आमच्यावर?"

त्या दिवशी जिना उतरताना मी माझी अफवा एकेका मजल्यावर परत घेतली. अफवा चढते धावत आणि उतरते माझ्या गुडघ्यांसारखी, पण उतरवली.

आता बापाचं ऐका. देवानं विनोद करावा तर किती करावा! हा माणूस लिफ्ट दुरुस्त करतो. गावातल्या वीस-वीस मजली इमारतींच्या लिफ्टा ह्याच्या पान्यावर चालतात, आणि ह्याचं स्वतःचं घर तिसऱ्या मजल्यावर, बावन्न पायऱ्यांवर, बिनलिफ्टचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी एकदा चिडवलं, "अरे लिफ्टवाल्या, स्वतःच्या घराला एक बसव की." तो पायरीवरच टेकला आणि खिशातून मोजपट्टी काढली. त्यानं आमचा जिना तीनदा मोजला होता! म्हणाला, "मावशी, लिफ्टला खड्डा लागतो, खड्ड्याला जागा लागते, जागेला मालक लागतो. आपल्याकडे फक्त लिफ्टवाला आहे." तो सातला जातो तो रात्री नऊला येतो. रविवारी तेवढा मुलीला खांद्यावर टाकून खाली आणतो.

इतर दिवशी फिटिंगवाली आणायची. पाठुंगळी घेऊन, एक हात कठड्यावर, बावन्न पायऱ्या. मुलगी एक्केचाळीस किलोची, आई पन्नासची. माझ्या दारात माझी वेताची खुर्ची असायची, त्यात सरकार विराजमान व्हायच्या आणि अर्धा तास रस्ता बघायच्या. रस्त्यात बघण्यासारखं काही नाही, मी साठ वर्षं बघतेय. पण कचऱ्याची गाडी मागे येताना टी-टी-टी असा आवाज करते ना, त्यावर ही पोर हसायची. खळखळून, सगळं अंग हलवून. ती गाडी हिच्यासाठी नाटक कंपनी होती. गाडीवाल्यालाही ते कळलं होतं. गरज नसताना तो एकदा जास्तच मागे यायचा.

तर ह्या फिटिंगवालीला कुणीतरी एका केंद्राचा पत्ता दिला. अशा मुलांच्या आयांसाठी तिथं ताण कमी करायचा वर्ग होता, दर मंगळवारी, सहा मंगळवार. केंद्राची गाडी यायची, गाडीबरोबर दोन दणकट माणसं. ती खुर्चीसकट सरकारांना उचलून बावन्न पायऱ्या अशी उतरायची, की जणू फुलदाणी नेताहेत. फिटिंगवाली त्यांच्या मागून रिकाम्या हातानं उतरायची. पहिल्या दिवशी तिला हात कुठं ठेवावेत ते कळेना. कठडा धरला, सोडला, शेवटी कमरेवर ठेवले.

वर्ग घेणारी मुलगी तरुण होती, चष्म्याची, गोड. आयांनी तिचं नाव ठेवलं ताणताई. दर मंगळवारी वर्गातला सगळा वृत्तांत माझ्या दारात उतरायचा, मी काही सोडत नसे.

"आज काय शिकवलं?"

"डोळे मिटा आणि समुद्रकिनारी चालताय अशी कल्पना करा म्हणाली."

"मग? गेलीस किनाऱ्यावर?"

"गेले की. पण पहिलंच मनात आलं, वाळूत खुर्चीची चाकं रुतणार. परत आले."

दुसऱ्या आठवड्यात दीर्घ श्वास शिकवला, तर पंधरापैकी नऊ जणी झोपल्या. एक घोरली. ताणताई बिचारी रागावली नाही, तिनं पंखा वाढवला. तो पंखा जुना, खडखड्या; त्याच्याखाली सरकार गपगार बसायच्या, मशीनची आठवणही काढायच्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात गृहपाठ दिला, रोज वीस मिनिटं फक्त स्वतःसाठी काढा. एकीनं सांगितलं, "मी न्हाणीघरात कडी लावून बसले." दुसरी म्हणाली, "मी पण." मग निघालं असं की सगळ्याच न्हाणीघरात बसल्या होत्या. हसून हसून पुरेवाट झाली. मीसुद्धा हसले. मग घरात आले आणि आमच्या न्हाणीघराच्या कडीकडे उगाच बघत राहिले.

पाचव्या आठवड्यात जिन्यात घात झाला. सरकारांना वर नेताना दुसऱ्या वळणावर फिटिंगवालीच्या पाठीत काहीतरी कट् झालं. तिनं मुलीला टाकलं नाही. भिंतीला टेकून, पाठुंगळीचं ओझं तसंच ठेवून, ती वीस मिनिटं उभी राहिली. ओरडलीही नाही, मुलगी घाबरेल म्हणून. वरच्या मजल्यावरच्या रंगाऱ्यानं येऊन दोघींना सोडवलं. मी खाली दारातच बसले होते. एवढे कान टवकारून जन्म काढला आणि मला काही ऐकू आलं नाही.

डॉक्टर म्हणाले मणक्यातली चकती सरकली आहे, वर्षभर काही उचलायचं नाही.

"काही म्हणजे?" हिनं विचारलं.

"काही म्हणजे काही. पाण्याची बादलीसुद्धा नाही."

"बादली नाही उचलणार," ती मला सांगताना म्हणाली. "बादलीचं काय, ती थांबते."

म्हणजे सरकारांचं खाली येणं बंद. रविवार तेवढा उरला. आणि नेमकं ह्याच वेळी केंद्रात नवीन सोय सुरू होणार होती. आठवड्याचे पाच दिवस, नऊ ते एक, मुलांना सांभाळायचे; ने-आण गाडीची, गाडीबरोबर तीच दोन माणसं. जागा फक्त तीन. वर्गाच्या शेवटच्या मंगळवारी एक फॉर्म भरून घेणार आणि ज्या आयांना जास्त गरज, त्यांच्या मुलांना जागा. फिटिंगवालीला ती जागा मिळाली तर पाच दिवस मुलगी बाहेर जाणार होती, आईच्या पाठीला चार तास टेकायला मिळणार होतं. दुसरं काही मागत नव्हती ती.

आता माझा गुन्हा. सोमवारी मी खालून ओरडून तिला सल्ला दिला, "फॉर्मवर रडगाणं लिहू नकोस हो! लोक कंटाळतात. टापटीप लिही." चाळीस वर्षं लोकांची रडगाणी ऐकून मला त्यांचा वीट आला होता, त्याचं हे शहाणपण.

मंगळवारी ती फॉर्म भरून आली. खूश होती.

"झाला पेपर?"

"सोपा होता. शेवटी विचारलं होतं, ताण किती आहे, एक ते दहा."

"मग किती लिहिलास?"

"चार."

"चार?" मी खुर्चीत सरळ झाले. "चार कशानं?"

"अहो, सुती कापडाला चारच लागतो."

मला काही कळेना. मग तिनं समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. मशीनवर वरच्या दोऱ्यासाठी एक चकती असते, ताणाची. तिच्यावर आकडे, शून्यापासून नऊपर्यंत. ताण कमी ठेवला तर टाका ढिला पडतो, खालून दोऱ्याची वेटोळी येतात. जास्त ठेवला तर कापड चुणतं, नाहीतर दोरा तुटतो. चारवर टाका नीट बसतो. "आणि ताणताईच म्हणाली होती की, थोडा ताण चांगला असतो, अजिबात नसला तर काम होत नाही. मी मनात म्हटलं, ही तर मशीनचीच गोष्ट सांगतेय! मग विचारलं तेव्हा बरोबर उत्तर लिहिलं."

"अगं बाई," मी म्हटलं, "ती परीक्षा नव्हती."

तिच्या चेहऱ्यावरचा आनंद गेला नाही, नुसता जागच्या जागी थांबला. गाडीच्या माणसांनी सरकारांना आधीच वर पोचवलं होतं; वर मशीन बंद होतं, रंगाऱ्याची बायको सरकारांजवळ बसली होती. तिथून ओरडण्याचा आवाज आला. फिटिंगवाली कठडा धरून वर निघाली.

आठवड्यानं यादी लागली. दोघींनी दहा लिहिलं होतं. तिसरीनं अकरा लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. ह्या अकरावालीचा मी दोन दिवस यथेच्छ उद्धार केला. खोटारडी म्हटलं, नाटकी म्हटलं, अजूनही काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. मग कळलं तिला जुळी आहेत, आणि दोघंही अंथरुणावर. त्यानंतर शिव्या द्यायलाही कुणी उरलं नाही.

मी गप्प बसणारी नव्हे. सरकारांना रंगाऱ्याच्या बायकोवर सोपवून फिटिंगवालीला रिक्षात घातलं, तिच्या कमरेला पट्टा, माझ्या हातात काठी, आणि आम्ही दोघी लंगडी वरात केंद्रात पोचलो. ताणताईनं फॉर्म काढून समोर ठेवला. खाली हिच्या सुबक अक्षरात तो ४. शिवणकाम करणाऱ्याचा हात, आकडासुद्धा बेतून काढलेला.

मी आकड्याकडे बघितलं आणि माझ्यातलं जुनं कार्टं जागं झालं. "ताई," मी हळूच म्हटलं, "ह्या चाराचं वरचं तोंड उघडं आहे. एक टाका घालून शिवलं, की झाला इंग्रजी आठ. आणि ही बाई तर आल्टरेशनच करते."

ताणताईला हसू आलं आणि लगेच डोळे भरले. फिटिंगवालीनं मात्र खरंच पेन उचललं होतं. ४च्या उघड्या तोंडावर नेऊन तिनं ते धरलं, कापडावर खडू धरतात तसं, बारीक डोळे करून.

"नको," ताणताई म्हणाली. "उपयोग नाही. आकडे कॉम्प्युटरमध्ये गेले. कागदाला आता कुणी विचारत नाही. मी वर बोलले मावशी, दोनदा बोलले. ते म्हणतात, आईनंच लिहिलंय ना? पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म येईल."

आता हिला काय म्हणायचं? तिचंही कुणी ऐकत नव्हतं. येताना तिनं माझी काठी रिक्षापर्यंत धरली. मी मनात म्हटलं, हिचा ताण किती असेल? पण तिला कोण विचारतंय.

नंतरचे तीन महिने सरकार वरच. फिटिंगवालीनंही खाली येणं सोडलं, पाठ जिना मानत नव्हती. खिडकीतून दोरीला पिशवी बांधून सोडायची. लोक तिच्यात कपडे टाकायचे, चिठ्ठीवर मापं. चिठ्ठ्या मी वाचत असे, त्याशिवाय वेळ कसा जाणार? रंगाऱ्याच्या पँटीची कंबर तीन महिन्यांत दोनदा वाढली, हे जगाला माझ्याकडून कळलं. आणि रोज पिशवी खाली आली की मी ओरडून विचारायची, "किती गं आज?" ती वरून म्हणायची, "चार!" थट्टा होती आमची. थट्टा कसली, खपलीशी खेळणं.

लिफ्टवाला एका रविवारी उतरताना घसरला, मनगट मुरगळलं. मग रविवारही गेला. कचऱ्याची गाडी यायची, टी-टी-टी करत मागे यायची, एकदा जास्तच यायची; गाडीवाला माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचा आणि मी पदराआड तोंड करून काहीतरी शोधल्यासारखं करायची. फिटिंगवालीची खिडकी इमारतीच्या मागच्या अंगणात उघडते. तिथून रस्ता दिसतच नाही.

आणि एका गुरुवारी ताणताईचा मला फोन आला. एक कुटुंब गाव सोडून गेलं, एक जागा रिकामी झाली! जागा न मिळालेल्यांपैकी दोन आयांना फोनवर ताणाचा आकडा पुन्हा विचारणार, आज पाचच्या आत, आणि विचारणारी वरच्या ऑफिसातली बाई. "मावशी, तिला नीट समजावून सांगा. मी तुम्हाला हे सांगितलं, हे सांगू नका."

तीन वाजले होते. मी खालून जीव खाऊन ओरडले, "ए! फोन येईल! दहा म्हण! ऐकलंस? दहा!" तिनं खिडकीतून मान हलवली.

चारला मशीन थांबलं. मला इतकं कधी बरं वाटलं नव्हतं, म्हणजे फोन आला होता. सरकारांचा आवाज सुरू झाला आणि त्यातून तुटक तुटक फिटिंगवालीचा: "हो... हो, मीच... हो, बसलीय शेजारीच..." मग नुसता सरकारांचाच आवाज. मग, "मी जरा वेळानं सांगू का?"

मशीन पुन्हा सुरू झालं.

मी जिना चढले. बावन्न. मध्ये तीनदा बसले. दारात पोचले तेव्हा माझा श्वास माझ्या मागे एक मजला होता. ती मशीनवर, सुईत दोरा नाही, मुलगी शेजारी. मशीनच्या फळीवर ओळीनं दहा बटणं मांडलेली.

"म्हण ना! काय होतं म्हणायला?"

तिनं डोळ्यांनी बटणांकडे खूण केली आणि पायांचा वेग वाढवला, आवाज मोठा व्हावा म्हणून. मग बसल्या जागीच मला खाली ओढून कानाशी म्हणाली, "हिला आकडे येतात मावशी. मी शिकवलेत. सात म्हटलं की सातव्या बटणाकडे बघते. दहापर्यंत. लोक म्हणतात योगायोग आहे. असेल. पण त्या दिवशी फॉर्म भरताना ही शेजारी होती, कागदाकडे बघत होती. सगळ्यांना माहीत होतं की आकडा कशाचा आहे, ताणताईनं मोठ्यानं सांगितलं होतं. मशीनचं मी तुम्हाला सांगितलं ते खोटं नाही. पण दहा लिहायला हात तिथंच अडला. हिच्या देखत हिचं वजन कसं लिहू?"

"ती बाहेर जाईल, गाडी बघेल..."

"हो ना."

"मग खोलीबाहेर जा नि बोल."

"बाहेर गेले की मशीन थांबतं. मशीन थांबलं की ही ओरडते. त्या बाईला ऐकू काय येणार? आणि ओरडताना ही ऐकत नाही, असं थोडंच आहे?"

मी म्हटलं, मी बसते मशीनवर. बसलेही. पण माझे गुडघे! चार फेरे मारले आणि पाय अडकला, सुई अडली, सरकारांनी अंग ताठ केलं. चाळीस वर्षं हजारो लोकांची बोलणी जोडून दिली, आणि इथं एका बाईला दोन मिनिटांची शांतता जोडून देता आली नाही.

शेवटी तिनं मापाच्या चिठ्ठीवर लिहिलं. आकडा नाही, अक्षरात: दहा. अक्षरं मुलीला अजून शिकवली नव्हती. घडी घालून माझ्या मुठीत दिली. "तुम्ही सांगा त्यांना."

मी खाली येईपर्यंत पाचला पंधरा मिनिटं होती. मी फोन लावला. वरच्या ऑफिसातली बाई अदबीनं बोलत होती. म्हणाली, "आजी, नातेवाइकांचं चालत नाही. आईनंच सांगायला हवं."

"मी नातेवाईक नाही. मी शेजारीण आहे."

"मग तर नाहीच."

"आईनं लिहून दिलंय हो! माझ्या हातात आहे."

"त्यांना पाचच्या आत फोन करायला सांगा ना."

मी मागच्या दारात येऊन वर बघितलं. ती खिडकीत उभी होती, म्हणजे मशीन बंद, आणि मागून तो आवाज. मी नाही अशी मान हलवली. तिनंही हलवली, तिची कशाबद्दल होती ते मी विचारलं नाही. खिडकी रिकामी झाली आणि मशीन सुरू झालं. पाच वाजले तेही मशीनच्या आवाजातच.

चिठ्ठी माझ्याकडेच आहे, चष्म्याच्या डबीत. जागा दुसऱ्या मुलाला गेली. त्याच्याबद्दल मी काही चौकशी केली नाही, आयुष्यात पहिल्यांदा.

पिशवी रोज खाली येते. काही दिवस मी विचारलंच नाही. मग तिनंच वरून हटकलं, "मावशी, आज विचारलं नाहीत?" मी विचारलं. "चार!" ती ओरडली, साऱ्या जिन्याला ऐकू जाईल असं. जिन्याला नाही, तिला कुणाला ऐकवायचं होतं ते मला कळलं.

"छान," मी म्हटलं, आणि पिशवीत माझा गाऊन ठेवला, चांगल्या बाह्यांचा, घट्ट करायला.